सुपाच्या नावानं उचललेला भंडारा

आमच्या मालकाला राजकारणाचं याड हाय, हे मी लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी वळखलं. घरात अंगाची हळद न निघाल्याली नवरी, आन् हे बाबा ट्रॅक्टर भरून माणसं घिऊन आबांच्या सभेला गेल्यालं. परत आलं ते घसा बसवून. खुणेनंच पाणी मागितलं. मी तवाच सासूला म्हणलं, "आत्याबाई, ह्यो माणूस माझा न्हवं, आबांचा हाय." सासू हसली. मला मातर हसाया काय आलं न्हाय.

आबा म्हंजी उदयसिंह आबा. पाच टायमाचं आमदार. आमची वस्ती टेंभुर्णीकडनं करमाळ्याला जाताना आत दोन मैलावर, उणीपुरी चारशे मतं. एका उन्हाळ्यात आमची डीपी जळली. अठरा दिवस लाईट न्हाय, मोटारी बंद, ऊस वाळाया लागला, बाया हंडं घिऊन रानोमाळ. एकोणिसाव्या दिवशी आबा सोता ट्रॅक्टरवर नव्या डीपीच्या शेजारी बसून आलं. पांढरं धोतार काळं झाल्यालं. त्या दिवसापासनं वस्ती आबांची. आबांचा पक्ष सुपाचा, म्हंजी निशाणी सूप. आमच्या बारक्या पोरास्नी पाटीवर सूप काढून दावलं की ती "आबा" म्हणायची, इतकं ते एकच झालं व्हतं.

दर इलेक्शनला आमच्यात भंडारा उचलायची चाल हाय. खंडोबाच्या देवळात ताटात बेल आन् भंडारा ठिवायचा, घरटी सगळ्यांनी यायचं, चिमूट उचलून कपाळाला लावायची आन् देवाम्होरं बोलायचं की आमचं मत अमक्याला. मशिनीला पुठ्ठ्याचा आडोसा आसतो, खंडोबाला कसला आडोसा? एकदा भंडारा उचलला की संपलं. शपथ घालायचं काम आमच्या मालकाचं. तीस वरसं तेच ताट धरून हुबं ऱ्हायलं.

ह्या टायमाला आबा सोता देवळात आलं. पंच्याहत्तरी गाठल्याली, गुडघं धरल्यालं, पायरी चढताना आमच्या मालकाच्या खांद्यावर हात. मालकांनी शपथ घालाया तोंड उघडलं तर आबांनी थांबवलं.

"महिपती, माझं नाव घालू नगं. माणूस आज हाय, उद्या न्हाय. पक्ष ऱ्हातो. सुपाची शपथ घाल."

आन् ह्या शाण्यानं घातली! "सूप सोडून बोट दुसरीकडं गेलं तर माझ्या लेकराबाळाला बाधंल." एकूण एक माणसानं, बाईनं तसं म्हणून भंडारा उचलला. मीबी उचलला. आबांनीबी उचलला.

वीस दिवसांनी मुंबईत पक्षाचा अध्यक्ष बदलला. आमी जेवत व्हतो, टीव्हीवर बातमी. नवा अध्यक्ष आला, त्यानं जुन्यास्नी घरी बसवलं आन् आमच्या भागाचं तिकीट अनिलकुमारला दिलं. अनिलकुमार कोण? सोलापूरचा बिल्डर. तितल्या सात रस्ता चौकात काचंचं हापिस. आमच्या वस्तीला यायचा रस्ताबी त्याला ठावं नसंल. मालकांच्या हातात घास तसाच ऱ्हायला. मी म्हणलं, "भाकरीवर का राग काढताय? खावा." ते उठलंच.

आबा अपक्ष हुबं ऱ्हायलं. निशाणी मिळाली कपबशी. वस्तीवर आलं, पाराच्या कट्ट्यावर बसलं, पर एरवी गराडा घालणारी माणसं चार हात लांब. शेवटी एक म्हातारं बोललं, "आबा, आमी तुमचंच हाय. पर भंडारा सुपाचा उचललाय की."

"व्हय," आबा म्हणलं. "मीच उचलाया लावला." आन् च्या घिऊन उठलं. कपबशी हातात व्हती तरी कुणी हसलं न्हाय.

त्या दिवशी मी मालकास्नी लई बोलले. "अक्कल काय गहाण ठिवली व्हती? आबा नगं म्हणलं तरी गपचिप त्यांचंच नाव घालायचं व्हतं! आता बसा सूप पाखडत!" ते उठून धनाजी गुरवाकडं गेलं. ह्यो धनाजी आमच्या खंडोबाचा पुजारी. शपथ सुटती का म्हणून इचारलं.

धनाजी म्हणला, "सुटती. ज्यानं शपथ घातली त्यानं सगळ्यांची आपल्या डोक्यावर घ्यायची. नारळ फोडून देवाला सांगायचं. बाकी मोकळी. पर महिपती, बाधली तर मग तुझ्याच घराला बाधंल."

मीबी मागनं जाऊन देवळाच्या दारात हुबी व्हते. मी पदर पसरला. "नगं वो! तुमच्या घरात कोण हाय बघा की. पिंकी हाय!" पिंकी आमची नात. पोरगा आन् सून पुण्याला कंपनीत, पोरगी आमच्याकडं, दुसरीला. मालक म्हणलं, "देव येडा हाय व्हय? त्याला काय आबा ठावं न्हाईत?" आन् नारळ आपटला. सगळा भंडारा आपल्या डोक्यावर ओतून घेतला. नखशिखांत पिवळं झालं.

वस्ती सुटली. आठ दिवस बघा, लगीनघर झालं व्हतं. बाया धुण्यावर कपबशी कपबशी करायच्या. मालकांच्या अंगात तर इशीतलं वारं. मलाबी वाटलं, आपुनच भित्री. देवाला कळतंय सगळं.

नवव्या दिवशी पिंकीला ताप भरला. टेंभुर्णीच्या डॉक्टरनं दोन दिवस बघितलं आन् सोलापूरला न्या म्हणला. डेंगू. प्लेटलेट घसरत चाललेल्या. पोरगीच्या हिरड्यातनं रगात याया लागलं. काचंच्या पल्याड ती पडल्याली, हाताला सुई, आन् मी भाईर खंडोबाला शिव्या देत्याली. शिव्या देऊन झाल्या की पाया पडायची, पाया पडून झालं की मालकास्नी शिव्या. ते भिताडाला टेकून बसल्यालं. कानामागं थोडा भंडारा अजून तसाच. मी पदरानं खसाखसा पुसला, कातडं लाल हुस्तोवर.

मतदान पाच दिवसांवर आन् आबा दवाखान्यात हजर. प्रचार सोडून. "महिपती, उठ. पोरगीला काय हुत न्हाय." बसल्या जागी फोन लावलं, रक्त द्याया चार पोरं बोलावून घेतली, पिशवी येईपतोर बाकड्यावर बसून ऱ्हायलं. त्या दिवशी करमाळ्यात त्यांची मोठी सभा व्हती. माणसं वाट बघून घरला गेली, हे मला मागनं कळलं. जाताना मला म्हणलं, "सोनाबाई, चार घास खा. तू पडलीस तर पोरीकडं कोण बघंल?" त्यांनी मताचं नाव काढलं न्हाय.

हिकडं वस्तीत एकच बोलणं. भंडारा बाधला. महिपतीनं डोक्यावर घेतला आन् नातीला लागला. शेजारणीचा फोन आला, तिनंच सांगितलं. म्हणली, "सोनाबाई, राग धरू नगं. आमच्याबी घरात लेकरं हाईत."

मतदानादिवशी पिंकी दवाखान्यातच. पोरगा पुण्यासनं आल्याला, त्याला तितं बसवून आमी सकाळच्या एसटीनं वस्तीवर आलो. शाळेत रांग. कुणी आमच्याकडं मान वर करून बघंना, नुसतं "कशी हाय पोरगी?" म्हणायचं आन् म्होरं सरकायचं. मी आत गेले. खोटं कशाला बोलू, कपबशीच दाबायची म्हणून गेले व्हते. बोट न्हेलं तितं. आन् मला पिंकीच्या हिरड्या दिसल्या. मी बोट वर घेतलं आन् सूप दाबलं. मनात म्हणलं, देवा, मालकांचं मत तर कपबशीलाच जायाचं, ते काय ऐकायचं न्हाईत. तेवढं एक पोटात घाल. माझं मी तुला देत्ये.

भाईर आले तर मालक नळावर तोंड धूत व्हतं. लई येळ धूत व्हतं.

चौथ्या दिवशी पिंकी घरी आली. तिच्या दुसऱ्या दिवशी मतमोजणी. मालक आबांचं प्रतिनिधी म्हणून टेबलाशी, पेन्सिल आन् कागद घिऊन. निकाल लागल्या लागल्या घरी आलं. पिंकी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्याली. मी इचारलं, "काय झालं?"

"आबा पडलं. अडीच हजारानं."

"आन् आपल्या वस्तीचं?"

"सूप तीनशे सत्तर. चार मतं हिकडंतिकडं."

"कपबशी?"

त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. "एकबी न्हाय."

मी खालीच बसले. आता शून्याचा हिशोब मला अडाणीलाबी कळतो की. मी तर न्हवतंच दिलं. पर एक तरी पायजे व्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. ते पिंकीकडं बघत व्हतं. तिनं एक शेंगदाणा त्यांच्या हातावर ठिवला. त्यांनी तो तोंडात टाकला न्हाय, मूठ मिटून तसाच धरला. मला त्यांचा राग आला न्हाय. उलट वाटलं, मी ह्यांच्या मताच्या आडोशाला बसून आपलं मत मोकळं करून घेतलं, आन् ह्यांनी? ह्यांनीबी माझ्याच आडोशाला बसून तेच केलं आसंल. तीस वरसं एका ताटात जेवल्याली माणसं आमी. मला लई लाज वाटली.

एवढ्यावर थांबलं आसतं तरी बरं. दोन दिवसांनी अनिलकुमारची माणसं दोन गाड्या घिऊन आली. शाल, नारळ, फेटा. "नेता बदलला तरी ही वस्ती हालली न्हाय. सायेब म्हणत्यात, ह्याला म्हणायचं निष्ठा!" मालक मागं मागं सरत व्हतं. त्यांनी धरून फेटा बांधला, शाल घातली, फोटू काढला. संध्याकाळपतोर तो फोटू समद्या तालुक्याच्या मोबाईलवर. खाली लिवल्यालं, निष्ठावंत कार्यकर्ता. फोटूत मालकांचं तोंड बघवत न्हवतं. मेल्या माणसाला फेटा बांधल्यागत दिसत व्हतं.

मग त्यांनी अन्न सोडलं. म्हंजी ताटावर बसायचं, पर खायाचं न्हाय. पारावर जायचं बंद. मोबाईल वाजला की दचकायचं. आठ दिवस मी बघितलं, नवव्या दिवशी म्हणलं, "उठा. तोंड लपवून किती दिस ऱ्हाणार? आबांकडं चला. पायतान हाणू द्यात, शिव्या घालू द्यात, पर चला."

"काय सांगू त्यास्नी?"

"खरं सांगा. पोरगीचं भ्या वाटलं म्हणून सांगा. त्यास्नी काय नातवंडं न्हाईत?"

सोलापुरात आबांच्या घरी गेलो तर भाईरच्या खोलीत धा-बारा माणसं. पडल्याल्या माणसाकडं येत्यात ती. आबा खुर्चीत, नाकावर चष्मा, मांडीवर गावागावाच्या मतांचे कागद. चेहरा लई उतरल्याला. गळ्याचं कातडं लोंबत व्हतं. आमाला बघून कोपऱ्यातला एक गडी मोठ्यानं बोलला, "आलं बघा निष्ठावंत! शाल घरीच ठिवून आला का, महिपती?"

दोघंतिघं हसली. मालक दारातच थिजलं. मी त्या गड्याला चार शब्द सुनवाया तोंड उघडलं, तवर आबा बोललं.

"ए, गप. त्याला आत यू दे." मग कागद चाळून एक वर काढला, डोळ्याजवळ धरला. "ह्याच्या वस्तीत मला एक मत हाय. एकच. समदी वस्ती फिरली, पर ह्यो फिरला न्हाय. फोटूचं काय, कुणीबी कुणाच्या गळ्यात शाल घालतंय."

तो गडी खाली बघाया लागला. मालक म्हणाया लागलं, "आबा, न्हाय... आबा, मी..."

"महिपती." आबांनी कागदाची चार घड्या करून तो आपल्या खिशात घातला, वरनं हात ठिवला. "यादी माझ्याकडं हाय. मला वाचाया येतं. पोरगी कशी हाय तुझी?"

मालक त्यांच्या पायाशी बसलं ते उठंनात. गुडघ्यावर कपाळ टेकवून हुंदकं द्याया लागलं, एवढा मोठा बाप्या. भवतीच्यांना वाटलं, आबा पडल्याचं दुक्ख. एकानं पाठीवरनं हातबी फिरवला. आबा माझ्याकडं बघून म्हणलं, "सोनाबाई, उठीव त्याला." मी उठीवलं. आबांकडं वर बघायचं धाडस मला झालं न्हाय.

एसटीत मालक खिडकीला बसलं. टेंभुर्णी येईपतोर एक शब्द न्हाय. मीबी बोलले न्हाय, आन् मी न बोलणं म्हंजी काय ते तुमाला एवढ्यात कळलंच आसंल. उतरताना दांडीला धरून थांबलं, मागं कंडक्टर वराडतोय, आन् हे माझ्याकडं वळून म्हणलं,

"तीस वरसात आबा खोटं बोलल्यालं मी आज पयल्यांदा ऐकलं."