दोन हातांची सुई

मी एक सुई. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात रूपाबाईने मला निवडले. "मोठ्या नाकाची दे रे, जाड दोरा जायला पायजे," ती दुकानदाराला म्हणाली. तेव्हापासून मी तांड्यावर तिच्या घरी राहते.

तिच्या घरची एक रीत आहे. भरतकामाची पहिली ओळ रूपाबाई घालते, मग मला लेकीच्या, दिपाच्या हातात देते. दिपाची ओळ झाली की मी परत आईकडे. कोणती ओळ कुणाची, हे बघणाऱ्याला कळत नाही. मला कळते. आई दोरा करकचून ओढते. दिपा सैल सोडते, म्हणून तिची फुले किंचित फुगतात.

दिपा बारावीला आहे, कला शाखेत. चित्रकलेचे धम्मानंद सर तिला म्हणाले, "कपड्यांचं डिझाइन शिक. त्यात काम भेटतं. पण प्रवेशाच्या मुलाखतीत आपलं काम दाखवून बोलता आलं पाहिजे."

दिपाने घरातला सर्वांत देखणा रुमाल नेला. त्याच्या कोपऱ्यात मी टोचलेलीच होते.

नांदेडच्या कॉलेजात मॅडमनी रुमाल उजेडात धरला. "सुंदर! यातलं तुझं कोणतं?"

"समदंच. म्हंजे... याडीचं बी. आईचं."

"प्रवेश तुला द्यायचाय ना? तुझं तेवढं दाखव."

दिपाचे बोट रुमालावर फिरले आणि थांबले. फुगलेली फुले तिची, हे मी सांगितले असते. पण सुईला नाक असते, तोंड नसते. मॅडम रागावल्या नाहीत. "दुसऱ्या फेरीला एकटीने केलेलं आण," एवढेच म्हणाल्या.

घरी दिपाने नवे कापड काढले. रूपाबाई सवयीने शेजारी बसली. "आण सुई, पहिली ओळ घालते."

"नगं याडी. हे माझं एकटीचंच पायजे."

"काहून? माझ्या हाताला काय काटे फुटले?"

"तुझा हात लागला तर मला घेनार न्हाईत."

"बरं बाई," रूपाबाई हसली. "मोठ्या शाळेची रीत मोठी." ती उठून चुलीपाशी गेली. बराच वेळ चूल काही पेटली नाही.

पहिली ओळ दिपाने कधी घातलीच नव्हती. वाकडी आली. तिने उसवली, पुन्हा घातली. ओळ संपताच तिचा हात मला द्यायला शेजारी गेला. तिथे कुणी नव्हते.

आता मी अर्ध्या फुलात थांबले आहे. फेरी जवळ आली आहे. मुलींना आपले काम मांडायला जरूर शिकवा, माझी ना नाही. पण परवापासून दिपा आईसारखाच दोरा करकचून ओढते. एकही फूल फुगत नाही. मॅडमनी पुन्हा विचारले, "यातलं तुझं कोणतं?" तर ती काय दाखवेल?