दहापैकी किती पाण्याखाली

अमेरिकेतल्या प्रोफेसरांच्या लॅबमधली उन्हाळ्याची एकुलती एक जागा मिळाली, तर गुरुदत्तला पीएच.डी.ची वाट मोकळी होती आणि सांगलीला घरी पाठवायच्या पत्रात एक झोकदार परिच्छेद वाढणार होता. स्पर्धेत एकटी सुमेधा, पुण्याच्या त्याच्याच कॉलेजातली. तिला जागा नाही मिळाली, तर एम.एस. गुंडाळून घरी परत.

१९८६च्या एप्रिलमध्ये प्रोफेसरांनी दोघांना वेगवेगळं बोलावून एकच काम दिलं. वर्कशॉपमध्ये ओतलेल्या प्लॅस्टिकच्या चौकोनी ठोकळ्याची घनता काढायची. ठोकळा दहा सेंटिमीटर उंच. पाण्यात तरंगत सोडायचा. नऊ सेंटिमीटर बुडाला, तर घनता पाण्याच्या नऊ दशांश. संपलं काम.

गुरुदत्तने सोडला, तो साडेआठच बुडाला. पुस्तकात या प्लॅस्टिकची घनता ०.९२ छापलेली. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलला हे दुखणं जुनंच. उत्तर आधी ठाऊक असतं, रीडिंगं त्याच्या मागून चालत येतात आणि परीक्षक खूश होऊन सही करतात. गुरुदत्तने लिहिलं: ९.२, ९.२, ९.१. शेवटचा ९.१ खरा वाटावा म्हणून. या कामात त्याचा हात बसलेला होता.

सुमेधाने त्याच ठोकळ्याला चिकटलेले बुडबुडे ब्रशने चार वेळा पुसले आणि चारही वेळा ८.५ लिहिलं.

प्रयोगाला जरा सावधपणा लागतो, असं प्रोफेसरांनी तिला फार गोड शब्दांत सांगितलं. जागा गुरुदत्तची झाली.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या चाचणीसाठी गुरुदत्तने तोच ठोकळा करवतीने कापला. आत ढोकळ्यासारखी जाळी. ओतताना हवा अडकली होती, ८.५ बरोबर होतं. पलीकडच्या खोलीत प्रोफेसर कॉफी पीत होते, दार उघडंच होतं. गुरुदत्तने दोन्ही तुकडे कचऱ्यात टाकले, वर वर्तमानपत्र टाकलं आणि कापताना फुटला म्हणून सांगून आला.

तेव्हापासून तो सुमेधाची पुस्तकं लायब्ररीत परत करू लागला, खोकी बांधू लागला. गुरुदत्त इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं यार, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

मे अखेरीस ती नेपरव्हिलच्या नीलामावशीला भेटून पुण्याला जायला निघाली. बस स्टेशनपर्यंत गुरुदत्तच ड्राइव्ह करत होता.

"एक विचारू? तुझ्या वेळी ठोकळा खरंच नऊच्या वर बुडाला होता?"

"हो."

"मग माझाच हात कच्चा रे. बाबांना तेच कळवलंय. आता प्रयोगाच्या वाटेला जायचं नाही."

"सुमेधा..."

"काय?"

"पट्टा नीट लाव."

प्रोफेसरांना चुकीचा आकडा मिळाला, तो नव्या ठोकळ्यावर भरून निघाला. गुरुदत्तला जागा मिळाली, पुढे पदवीही. सुमेधाची जागा गेली, प्रयोग गेले, स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला. गुरुदत्तच्या नावावर पडली ती बस स्टेशनची एक खेप. त्या खेपेच्या बदल्यातही सुमेधा निघण्याआधी त्याच्या फ्रिजमध्ये चार दिवसांची आमटी करून ठेवून गेली होती.