विश्वास टाकू नकोस

धाकट्या भावाच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन सतरा दिवस झाले होते. जुन्या दोस्तांचं बोलावणं नको म्हणून धाकट्याने फोनच ठेवला नव्हता, त्यामुळे कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं:

'दादा, पिणं सोडून अकरा महिने झाले. वर्षअखेरीच्या सुट्टीत आमचा कारखाना आठ दिवस बंद असतो. हाताला काम असलं की निभतं, पण त्या आठ दिवसांत जिकडेतिकडे बाटल्या उघडतात. माझं काही खरं नाही. तुझ्याकडे येऊ का? मागच्या वेळेसारखा विश्वास मात्र टाकू नकोस.'

हे शेवटचं वाक्य ग्रंथपालांनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. तीन वर्षांपूर्वी असाच सुट्टीला आलेला धाकटा शपथा घेत होता आणि चौथ्या दिवशी शब्दकोशाचे खंड फळीच्या बाहेर दोन बोटं आलेले दिसले. मागे बाटली होती. तेव्हा ग्रंथपाल एवढंच म्हणाले होते, "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता." आता तेच वाक्य उलटून आलं होतं. हा टोमणाच. आयुष्यभर दोन ओळींमधलं वाचायची सवय. सरळ लिहिलेलं त्यांना कधी सरळ दिसलंच नाही.

"उत्तर लिहिताय की ग्रंथ?" बायकोने विचारलं. "चार दिवसांवर सुट्टी आली."

"काय लिहू? विश्वास आहे म्हणून लिहिलं तर खोटं होईल. नाही म्हणून लिहिलं तर तो जाईल कुठे?"

"मग जाऊन बघा की. कोर्टाने बंदी घातलीय का?"

बघायला म्हणून ते गेले, पण भेटायला नव्हे. भेटायचं म्हटलं की त्यांना शब्द सुचायचे नाहीत. फर्निचरच्या कारखान्याला पुढच्या बाजूने दुकान होतं. ते गिऱ्हाइकासारखे आत शिरले आणि एका उंच कपाटाशी उभे राहिले. आतल्या खोलीत धाकटा टेबलाच्या फळीवर कापडी बोळा गोल गोल फिरवत होता. लाखेच्या पॉलिशचा वास नाकात शिरला. पॉलिश म्हणजे निम्मं स्पिरिट. चोराच्याच हाती तिजोरीची किल्ली. अकरा महिने म्हणे.

कामाची वेळ संपली. धाकट्याने हात पुसले, बाहेर येऊन गल्ल्यावरच्या मालकीणबाईंसमोर उभा राहिला आणि डॉक्टरला घसा दाखवावा तसं तोंड उघडून त्यांच्याकडे श्वास सोडला. ग्रंथपाल कपाटामागे आणखी आक्रसले.

"कांदा खाल्लात," मालकीणबाई म्हणाल्या.

"दोन खाल्ले."

"जा आता. सरळ घरी."

धाकटा मागच्या दाराने गेला. मालकीणबाई मान न वळवता म्हणाल्या, "काका, ते कपाट घ्यायचंय की त्यात राहायचंय?"

ग्रंथपाल लाजून पुढे झाले. काहीतरी खुर्चीबद्दल पुटपुटले.

"नाक तेच आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांचे दादा."

"रोज असं करायला लावता त्याला?" त्यांचा आवाज जरा चढला. "एवढा अविश्वास?"

"मी कुठे लावते? नोकरी मागायला आले तेव्हा त्यांनीच अट घातली. स्पिरिट मोजून द्यायचं, किल्ली माझ्याकडे ठेवायची, संध्याकाळी वास घ्यायचा. मी म्हटलं, विश्वास आहे हो. तर म्हणाले, विश्वासानेच माझा घात केला, बाई. दादाने विश्वास टाकला आणि मला बाटली लपवायला अख्खं घर मिळालं." त्यांनी गल्ला बंद केला. "सुट्टीत मी गावाला चालले. वास घेणारं कुणी नाही, म्हणून रोज टपालाची वाट बघतात."

सतरा दिवस ग्रंथपाल पत्रात टोमणा शोधत होते आणि तिथे फक्त विनंती होती.

"थांबा, पत्ता देते. घर जवळच आहे, भेटूनच जा."

"नको," ते घाईने म्हणाले. "तोंडाने मला जमायचं नाही. लिहून कळवतो. कागद असेल का?"

बाईंनी बिलाचं कोरं पान न् तिकीट लावलेलं पाकीट पुढे केलं. त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, दोनदा खोडलं, शेवटी एवढंच राहिलं:

'माझा तुझ्यावर विश्वास नाही. म्हणून आठही दिवस ये. घरातली सगळी कपाटं तुझ्यासमोर उघडून बघेन, तुझी पिशवीसुद्धा. सकाळ-संध्याकाळ वास घेईन. मला सर्दी असेल तर वहिनी घेईल. उशीर झाला, दादाचं चुकलं.'

बाईंनी सांगितलेला पत्ता पाकिटावर घालून ते बाहेर पडले. कोपऱ्यावर टपालपेटी होती. शेवटची उचल सहाला, असं तिच्यावर लिहिलेलं होतं; सहाला दहा मिनिटं कमी होती. उद्या पोहोचेल ना, की परवा? पाकीट धरून ते क्षणभर घुटमळले. 'विश्वास नाही' हे वाचून धाकट्याला वाईट तर वाटणार नाही? पुन्हा दोन ओळींमधलं वाचायला लागलो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.