उसनी दिलेली माहिती

"काका, कॉपी करा आणि मोकळे व्हा ना! सगळे निरोपसमारंभाला खोळंबलेत."

काकांनी मान हलवली. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नेमका आजच अडून बसला होता. इस्पितळात खाटेशेजारी हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र असतं, त्याचा प्रोग्राम ते लिहीत. रुग्णाने कूस बदलली की यंत्राला भलतेच ठोके दिसतात. ते गाळायला काकांनी ठोक्यांची माहिती एका फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याच्या, हवाली केली होती आणि पुढच्याच ओळीत तीच पडद्यावर दाखवायला घेतली होती. कंपायलर म्हणत होता, देऊन टाकलीत ना? मग आता ती तुमची नाही.

"कॉपीने याचं तोंड बंद होईल गं," काका घाई करणाऱ्या टीमप्रमुख बाईला म्हणाले. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी. "पण साफ होईल ती कॉपी. पडद्यावर मूळ गोंधळ तसाच, आणि गजर उगाच बोंबलणार."

काकू वॉर्डात नर्स होत्या. "खोटा गजर सारखा वाजला ना, की खऱ्याला कुणी धावत नाही हो," हे त्यांनी जेवताना कितीदा ऐकवलं होतं.

"मग?"

"द्यायची नाही, उसनी द्यायची. दुरुस्त कर म्हणावं आणि परत कर. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी दोन जागी खुणा बदलल्या. कंपायलर निमूट झाला.

"बाई, हे घर आता तुझं," म्हणत काकांनी प्रोग्रामच्या त्या भागाच्या जबाबदार व्यक्तीच्या जागी स्वतःचं नाव पुसून तिचं घातलं. मन हलकं झालं. तेवढ्यात वरच्या एका टिपेत त्यांना स्वतःचीच शुद्धलेखनाची चूक दिसली. त्यांनी ती सुधारली, पाठवली. संगणकाने सांगितलं, नव्या जबाबदार व्यक्तीची मंजुरी हवी.

काका खो खो हसले. "मॅडम, एक अक्षर बदलायचंय. परवानगी?"

"बघू," ती म्हणाली.

काका उठले. तिने त्यांची खुर्ची ओढून घेतली, बसली. ती ओळ वाचली, वरची वाचली, खालचीही वाचली. तिला घाई नव्हती. काका हात मागे बांधून शेजारी उभे राहिले.