ससा, मगर आणि समायोजन

मित्रांनो, वारा पडलेला असताना आणि पंखा बंद असताना भिंतीवरचा एखादा तक्ता हलताना दिसला, तर समजा तो मीच. मी भीतीनं हलतो.

मी मुळाक्षरांचा जुना तक्ता आहे. तिवशाहून नागपूरकडे जाताना एक फाटा फुटतो, त्या अंगाच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी राहतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं आणि वर कुणाच्या कानावर गेलं तर?

माझा जन्म पुण्याकडचा. छापखान्यात मशीनखाली आडवा पडलो, तेव्हापासून ही भीती आहे. पाठीला कापड डकवलं, पोटावर रोगण फासलं, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि मला गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं. अंधारात मला वाटत होतं, आपल्याला जाळायला नेत आहेत. उलगडलं तेव्हा समोर वर्गभर पोरं बसली होती आणि सगळी माझ्याकडेच पाहत होती. जाळण्यापेक्षा ते काही फार बरं वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी तेव्हाच्या मास्तरांनी माझ्या पोटावर छडी टेकवून विचारलं, "हे काय?"

"जाम!" सगळा वर्ग ओरडला.

मी गार पडलो. तिथे तर पेरू होता! खाली तसं छापलंही होतं. मला वाटलं, छपाईच चुकली, आता आपली रवानगी रद्दीत. पण मास्तर हसले. "बराबर हाये, जाम. पुस्तकात त्याले पेरू म्हणतात." मग भोपळ्याला पोरं कोहळं म्हणाली, तेव्हा मी थोडा कमी घाबरलो.

पुढची पुष्कळ वर्षं बरी गेली. पोरांनी बोटं फिरवून फिरवून माझ्या जहाजाचं शीड पुसून टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्यावर शिकलेली आरती अकोल्याला नर्स झाली, एक जण बडनेऱ्याला रेल्वेत लागला. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी "तक्ता छान जपलाय हो" असं म्हटलं होतं. ते वाक्य मी अजून अधूनमधून स्वतःशी म्हणतो.

मग एक एक पोर पिवळ्या गाडीत बसून दूरच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागलं. गाडीचा भोंगा वाजला की मी डोळे मिटायचो. त्यात गावानं वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही आणला. मला खिळ्यावरून काढून कपाटामागे उभं केलं. तिथे पालीनं अंडी घातली. उधईनं, म्हणजे वाळवीनं, खालची पट्टी चाखून पाहिली. मी ओरडू शकत नव्हतो, म्हणून नुसता आखडून उभा राहिलो.

मला तिथून सोडवलं ते वीजबिलानं. शाळेचं अनुदान यायचं वर्ष सरता सरता आणि बिल यायचं महिन्याच्या महिन्याला, तेही दुकानाच्या दरानं. एक दिवस वायरमन आला आणि तार काढून गेला. टीव्ही काळा पडला. माधवी मॅडमनी मला बाहेर ओढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुन्हा खिळ्यावर टांगलं. दुसऱ्याचा दिवा विझल्यावर आनंद मानणं बरं नाही, पण मला झाला.

माधवी मॅडम रोज बडनेऱ्याहून येतात. चारही वर्ग त्या एकट्या सांभाळतात आणि चारही वर्ग आता एकाच सतरंजीवर मावतात. त्या मनानं चांगल्या आहेत. फक्त माझ्यासारख्याच घाबरट आहेत. मोबाईल वाजला की आधी त्यांचा चेहरा उतरतो, मग त्या फोन घेतात.

यंदा शाळा उघडली आणि तसाच एक फोन आला. कमी पटाच्या शाळा पाहायला साहेब येणार होते. पोरांना काय येतं, काय येत नाही, ते तपासून अहवाल वर जाणार होता. अहवाल वाईट गेला तर शाळा बंद, आणि पोरांनी हमरस्ता ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत जायचं. त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात, ते मला इथे भिंतीवर कळतं. माझा खिळा थरथरतो.

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो नाजियात. दुसरीतली पोरगी. वडील गुलफामभाई दुसऱ्याचं वावर मक्त्यानं कसतात, घरी आजी बिस्मिल्लाबी. बिस्मिल्लाबीनं फाटकाशी उभं राहून मॅडमला स्पष्ट सांगितलं होतं, "इथं शाळा हाये तोवर पोट्टी शिकीन. रस्त्यापलीकडे मी पोट्टीले नाही धाडत. एक नात हाये मले." शाळा गेली की नाजियाचं शिकणं गेलं, एवढं सरळ होतं ते.

मॅडमनी चार दिवस पोरांना घासलं. क्ष घोटून घेतला, ज्ञ घोटून घेतला, ण बाणाचा घोटून घेतला. प कुणीच घोटला नाही. प ची कुणाला भीती?

मला होती. पण तक्त्याला तोंड कुठे असतं?

साहेब आले. तसे सभ्य गृहस्थ, बोलणं घाटावरचं, पुण्याकडचं. त्यांच्याजवळ एक सपाट यंत्र होतं, त्यात परीक्षा होती. पण गावात फोन लागतो, नेट लागत नाही. ते वैतागून इकडेतिकडे पाहू लागले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, माझी वरची पट्टी खिळ्यावर वाजली.

"ये गं, तू ये," त्यांनी नाजियाला बोलावलं. पेरूच्या चित्रावर पंजा ठेवला आणि खालचा शब्द दाखवला. "वाच."

"पे... रू. पेरू."

"छान! आता वाक्यात वापर बरं."

नाजियानं जरासा विचार केला. "पाणी आलं की आमी वावरात तूर पेरू."

साहेबांनी भुवया चढवल्या. पंजा काढला. "हे काय आहे?"

"जाम."

"जाम? काय जाम झालं?" साहेब हसले. "अगं, आत्ता पेरू वाचलंस ना?"

नाजियानं माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम पदराचं टोक पिळत होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष सहदेवभाऊ दारात उभे होते, त्यांना राहवलं नाही. "बोल ना वं, काहून मुकी झाली? साहेब काय खाऊन राहिले का तुले?"

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलंही, "वाचन करते. अर्थबोध नाही."

मॅडमला सांगता आलं असतं की आमच्याकडे जाम म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या घरीही जामच म्हणतात. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण भीती काय असते, ते मला कुणी शिकवायला नको.

जाताना साहेबांनी एक कागद दिला. "समितीच्या सह्या घेऊन ठेवा, मॅडम. नियमाचंच आहे. उगाच कुणाला मेळघाटाच्या जंगलात बदलीवर जावं लागू नये, असं मलाही वाटतं." आवाज अगदी मऊ होता.

कपाटात उधई, म्हणून मॅडमनी तो कागद माझ्या आणि भिंतीच्या मध्ये खोचला. खोचताना त्यावरचा एक मोठा शब्द मला दिसला. माझ्यावरचे सोडून मला शब्द वाचता येत नाहीत, नुसती अक्षरं येतात आणि त्यांची चित्रं. स ससा. म मगर. य यज्ञ. ज जहाज. न नळ. जहाजाचं आणि नळाचं काही समजलं नाही. पण ससा आणि मगर एकाच शब्दात, त्याचं पुढे काय होणार, हे मला लगेच कळलं. तो आठवडा मी पाठीला काटा घेऊन लटकलो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समितीची सभा भरली. सभा म्हणजे सतरंजीवर बसलेली पाच-सहा माणसं. मॅडमनी कागद काढला आणि काही न बोलता सहदेवभाऊंच्या पुढे ठेवला.

"द्या, कुठी करू सही? मले अमरावतीले जायचं हाये, बियाण्याच्या दुकानात." त्यांनी फर्रकन सही केली. बाकीच्यांनीही पेन फिरवला. कागद सरकत सरकत बिस्मिल्लाबीपुढे आला. समितीत बाया असाव्या लागतात, म्हणून ती सदस्य. मॅडमनी शाईची डबी उघडली. बिस्मिल्लाबीनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला.

"पह्यले वाचून दाखवा."

"बिस्मिल्लाबी, नेहमीचंच आहे," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"मंग नेहमीचंच वाचा."

"आता व बुढे!" सहदेवभाऊ हसले. "तुह्या अंगठ्यासाठी बियाण्याचं दुकान थांबीन का?"

"तुमी जा नं भाऊ, तुमाले कोनं धरलं? माही नात वाचते. सायेब काय लिवून गेला मले ठाव हाये. वाच व नाजिया, बेटा. मले ऐकू दे किती येते तं."

नाजिया पुढे आली. बोट ठेवून, दम खात वाचू लागली. माझा खिळा आता पडतो की मग, असं झालं होतं. "...सदर शाळेचे... स-मा-यो-जन करण्यास... या समितीची हरकत नाही."

"म्हंजे?" आजीनं विचारलं.

"हरकत नाही म्हंजे, दादी, चालते." नाजिया थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्याचं चित्र नव्हतं. "मॅडम, समायोजन म्हंजे काय?"

बाहेर हमरस्त्यावरून ट्रक गेला.

"समायोजन म्हंजे..." सहदेवभाऊंनी डोकं खाजवलं. "दुरुस्ती अशीन, बाप्पा. छप्पराची. मागच्या साली अर्ज देल्ला होता नं आपन."

सही केलेल्या बाकीच्यांनी माना हलवल्या. हो, छप्परच असणार.

आता मॅडमकडे सगळे पाहत होते. त्यांचा हात पदराकडे गेला आणि मधेच थांबला. मला वाटलं, या आता छप्पर म्हणतील. मी असतो तर म्हटलं असतं.

"छप्पर नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला पुढे झुकावंसं वाटलं. "शाळा. हे वरचे लोक शाळा बंद करतात अन् पोट्टे रस्त्यापलीकडे धाडतात. त्याले समायोजन म्हणतात." पुस्तकी बोलणं त्यांच्या तोंडून कधी गळून पडलं, ते त्यांनाही कळलं नसावं.

"अन् मी सही करून बसलो!" सहदेवभाऊ ओरडले. "मॅडम, तुमाले ठाव होतं? सांगतलं काहून नाही?"

"भेव वाटलं, भाऊ."

सहदेवभाऊंनी पेन घेतला आणि स्वतःची सही इतक्या जोरानं खोडली की कागद फाटला. "आना इकडे, बाकीच्याईनं बी खोडा. पोट्टीनं इचारलं नसतं तं आपन छप्पर समजून शाळाच इकली असती."

बिस्मिल्लाबी उठायला गेली. गुडघे दुखतात तिचे, म्हणून भिंतीचा आधार घ्यायला तिनं हात लांबवला आणि तो माझ्यावर पडला. ज्ञ नंतर माझ्यावर एक चौकट कोरी आहे, छापखान्यात चित्र उरलं नव्हतं म्हणून. बरोबर तिथे तिचा निळा अंगठा उमटला.

"या अल्ला, खराब झाला!" ती म्हणाली.

मी आधी घाबरलोच. डाग पडला, आता मला काढणार! मॅडम फडकं घेऊन आल्या, अंगठ्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवून दिलं.

मित्रांनो, पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण अजून काही झालेलं नाही. मॅडमनी खोडलेला, फाटलेला कागद वर पाठवला. सोबत एक चिठ्ठी लिहिली, की आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात आणि पेरू म्हणजे पेरणी करू. त्यांची बदली होईल का, शाळा राहील का, कुणालाच ठाऊक नाही. साहेब पुन्हा येणार आहेत. फाटकाशी गाडी थांबली की मी अजून हलतो.

माझं एक मागणं आहे. जुन्या तक्त्यांना पुसत जा, उधईपासून जपत जा, हे तर आहेच. पण तुमच्या शाळेतही एक समिती असते आणि तिची सभा भरते. मोठी माणसं घाईत असतात, त्यांना लाजही वाटते. तेव्हा आजीबरोबर तुम्हीही जाऊन सतरंजीच्या कडेला बसा. कुणी जड शब्द वाचला की विचारा, म्हणजे काय? घाबरत घाबरत विचारलं तरी चालेल. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारा, म्हणजे झालं.