फोड कुणी केला?

रोशनीच्या डाव्या दंडावरचा फोड सकाळी पिकलेला दिसला आणि हर्षदाने नाशिकला जायचा बेत मनातल्या मनात मोडून टाकला. एम.एस्सी.च्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख. पण तीन महिन्यांच्या लेकीच्या दंडातून पू येत असताना कुठली आई एसटीत बसेल?

सासूबाई हळदीचा लेप घेऊन बसल्या होत्या. हर्षदाने नवऱ्याला पिटाळून जव्हारच्या बाजारातून मलम आणवलं होतं. हेमंत ते हातात देऊन मोखाड्याच्या शाळेसाठी जीप गाठायला पळाला, आणि लेप की मलम यावर दोघींचं जुंपलं.

तेवढ्यात शेजारची पुष्पलता आली. हर्षदाला प्रवेश हवा होता त्याच विभागात ती एक वर्ष पुढे होती, सुट्टीला घरी आलेली. इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीर रोगांशी कसं लढतं त्या विषयात, काय काय वाढून ठेवलंय, ते सांगायचं तिने कबूल केलं होतं. आल्या आल्या सुरूच झाली. पहिला महिनाभर नुसती पेशींची नावं, डोकं भणभणतं. प्रॅक्टिकलला स्वतःच्याच बोटाला टोचून रक्तगट काढायचा. पाठांतरवाले तर पहिल्याच परीक्षेत आपटतात, कारण सर रोग विचारतच नाहीत. शरीराने काय केलं, ते विचारतात.

हर्षदाचं लक्ष कुठे होतं? ती मलमाचं टोपण उघडत होती.

"थांबा वहिनी. बीसीजीची लस कधी टोचली?"

"दीड महिन्याची असताना. याच दंडावर."

"ताप?"

ताप नव्हता. दूध पीत होती. काखेत गाठ नव्हती. हर्षदाने सकाळपासून चारदा चाचपलं होतं.

"मग सांगा, हा फोड कुणी केला? जंतूंनी, की हिने?"

हर्षदा लेकीकडे बघत राहिली. टोचले ते अर्धमेले जंतू. ते काय फोड करणार? म्हणजे या एवढ्याशा जिवाने त्यांना ओळखलं, फौज जमवली आणि दीड महिन्याने इथे, या दंडावर...

"हिने," ती म्हणाली. "पण मग लगेच का नाही? इतके दिवस काय करत होती? आणि दुसऱ्यांदा जंतू आले तर इतकेच दिवस लागतील का?"

"ते दुसऱ्या सत्रात," पुष्पलता हसली. "फोड उघडा ठेवा, काही लावू नका. वाढला किंवा ताप आला तर डॉक्टर आहेतच."

हर्षदाने मलम बाजूला सारलं आणि सासूबाईंकडे वळली. "आई, उद्या पहाटेच्या गाडीने जाऊ. तुम्ही रोशनीला घ्या, मी रांगेत उभी राहते."

"आणि लेप?"

"लेप नाही."

"अजून फी भरली नाही, तोवर मास्तरीण झाली," सासूबाई पुटपुटल्या आणि दुपटी गोळा करायला उठल्या. हर्षदा मात्र पुष्पलतेला दारातून हलू देईना. तिचे प्रश्न अजून संपले नव्हते.