दोनशे तीन कट

मृण्मयीने सतराव्या नावावर बोट आणलं आणि तिथेच थांबवलं. आधीच्या सोळा नावांसमोर तिने सकाळपासून खुणा केल्या होत्या. एकेकाला फोन लावून, तेच तीन ओळींचं निवेदन वाचून. कंपनी गाडीमालकांची यादी सुटसुटीत करत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. सोळांपैकी बहुतेकांना ते कळलंच नव्हतं. 'मग पुढचं लोडिंग कवा, ताई?' असंच त्यांनी विचारलं. एकाने आईवरून शिवी दिली. ती तिने पूर्ण ऐकून घेतली, कारण तिला ती रास्त वाटली.

सतरावं नाव हिरामण देवरे, सटाणा. एकच दहाचाकी गाडी, स्वतःच चालवणारा. त्याच्या ओळीला लाल रंग होता.

नव्या पोर्टलने एकशे अडतीस गाडीमालकांची परीक्षा घेऊन निकाल लावला होता: हिरवे, पिवळे, लाल. लाल ते बाद. अशी परीक्षा घ्यायची, हे मृण्मयी बाळंतपणाच्या रजेवर असताना ठरलं होतं. परत येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि तिच्या वाट्याला आलं होतं ते नापासांना निकाल सांगणं.

टेबलावरचा तिचा मोबाइल एकदाच वाजला आणि गप्प झाला. सासूबाई. पंचवटीतल्या घरून एक रिंग आली की लेक यशू झोपली असं समजायचं. मृण्मयीचे खांदे क्षणभर सैल झाले. मग पडद्यावरच्या त्या लाल ओळीकडे लक्ष गेलं आणि ती उठलीच. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. शेजारच्या टेबलावरची तेजस्विनी दचकली.

"अगं, कुठे?"

"परीक्षकाकडे."

विश्वेश केबिनमध्ये मिसळ खात होता. मालकांचा मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, वर्षभरापूर्वी पुण्याहून शिकून आलेला. पोर्टल त्यानेच आणलं होतं. त्याने पाव खाली ठेवून हात पुसले.

"सर, हिरामण देवरे लाल कसा?"

"मी नाही रंगवला, मॅडम."

"सहा वर्षांत त्याचा एक माल उशिरा गेला नाही. एक खोका भिजला नाही. दिवाळीत सगळे गाड्या दारात लावून बसले होते, तेव्हा अंबडच्या कारखान्याचे पॅनेल भिवंडीला कोणी नेले?"

विश्वेशने पडदा तिच्याकडे वळवला. "वेळेत पोच, पैकीच्या पैकी. मालाची नुकसानी, शून्य. मी कुठे नाही म्हणतो? पण प्रतिसाद बघा. आपण दोनशे बारा फोन केले, त्याने दोनशे तीन कट केले. मला सोडून गेलेल्या मुलीनंसुद्धा एवढे कट केले नव्हते."

तो हसला. मृण्मयी त्या आकड्याकडे बघत राहिली. कंपनीच्या फोनची दोन वर्षांची नोंद तिनेच आल्या-आल्या पोर्टलवर चढवून दिली होती. चढवा म्हणाले, चढवली. तेव्हापासून कंपनीचा प्रत्येक फोन आपोआप तिथे मांडला जात होता. ते यंत्र त्यातून काय मोजणार आहे, हे तिने विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, दुपारी चारच्या सुमारास, तिने याच हिरामणला फोन लावला होता. गिऱ्हाइकाने 'गाडी कुठे' म्हणून डोकं खाल्लं होतं. गाडी कसारा घाट उतरत होती. हिरामणने फोन उचलला, "बोला ताई" म्हणाला, आणि मग कानात पत्रा फाटल्यासारखा आवाज घुसला. त्यानंतर कितीतरी वेळ नुसती इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. ती उभी राहून हिरामणभाऊ, हिरामणभाऊ करत होती. अखेर आवाज आला, "जिता हाय, ताई. कठड्यानं धरलं. माल बी शाबूत हाय." आधी माल सांगितला त्याने, पाय मोडल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

तीन महिन्यांनी तो काठी टेकत पेढे घेऊन आला, तेव्हा तिने त्याला समोर बसवून बजावलं होतं. गाडी चालू असताना माझा फोन उचलायचा नाही. नुसता कट करायचा. कट केला की मी समजेन, गाडी चालतेय, तुम्ही ठीक आहात. वाजून वाजून थांबला, तरच मी काळजी करीन.

"आन् तुमी इचारनार काय, मी सांगनार काय," तो म्हणाला होता, "बोलायचंच नाय तर भांडन बी व्हनार नाय. लय बेस."

"सर," मृण्मयी म्हणाली, "कट करायला मी सांगितलंय."

तिने सगळं सांगितलं. विश्वेशने ऐकून घेतलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"असं लिहून द्याल?"

"देते की."

"आधी हे बघा." त्याने दुसरं पान उघडलं. तिथे गाडीमालक नव्हते, ऑफिसातली माणसं होती. "हे पण मोजतं. पाच सेकंदांच्या आतले फोन वाया गेलेले धरतं. सगळ्यात जास्त वाया तुमच्या टेबलावर आहेत. सोमवारी बाबा बसणार आहेत. दोन टेबलांचं एक करायचंय, तुम्ही नाहीतर तेजस्विनी." त्याचा आवाज खाली आला. "लिहून दिलंत, तर पद्धत मोडल्याचं तुमच्याच नावावर जाईल. बाळ लहान आहे तुमचं. एक सतरा नंबर जाऊ द्या ना, मॅडम."

तो वाईट बोलत नव्हता, हेच तिला सहन होईना. बाळाचं नाव तर त्याला माहीतही नव्हतं.

ती बिल्टीबुकांच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. दुपारी दूध काढायला ऑफिसात एवढीच जागा होती, जुन्या बिल्ट्यांच्या, मालपावत्यांच्या गठ्ठ्यांमधली. पंप लावून ती स्टुलावर बसली. छाती दगडासारखी झाली होती, पण थेंब येईना. रागात दूध उतरत नाही, असं सासूबाई म्हणायच्या, खरंच असावं. सकाळपासून सोळा जणांना आभार वाचून दाखवणारा आपलाच आवाज तिला आठवला आणि तिने दात आवळले.

एका हाताने तिने कंपनीच्या मोबाइलवरून हिरामणला फोन लावला. सांगून टाकू. आपल्याच तोंडून कळू दे.

एक रिंग. कट.

पुन्हा लावला. कट.

"उचला ना हो भाऊ, एकदा तरी," ती गठ्ठ्यांना म्हणाली. तो कुठेतरी घाटात असणार, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अंगठ्याने फोन कट करून तिला सांगत असणार की ताई, ठीक हाय. आणि पोर्टल तिकडे मांडत असणार, दोनशे पाच.

डोळ्यांतलं तिने पदराने टिपलं. बाटलीत दोन बोटं दूध आलं होतं. तेवढ्याला झाकण लावून ती टेबलाशी परत आली.

यादी उघडी होती. पाच वाजेपर्यंत सतराव्या नावावर खूण हवी होती. मृण्मयीने यादी बाजूला सारली आणि पोर्टलवरची 'सर्वांना संदेश' ही चौकट उघडली. विश्वेशला त्या चौकटीचा फार अभिमान होता. एका क्लिकमध्ये सगळे मालक, सगळे ड्रायव्हर. आजवर तिथून फक्त दिवाळीच्या शुभेच्छा गेल्या होत्या.

तिने टाइप केलं:

'गाडी चालू असताना ऑफिसचा फोन उचलू नये. कट करावा. कट केला म्हणजे गाडी चालू आहे व आपण सुखरूप आहात, असे आम्ही समजू. गाडी थांबल्यावर सवडीने फोन करावा. ही पद्धत माझी आहे. मृण्मयी.'

शेवटचं वाक्य तिने एकदा खोडलं. परत लिहिलं. पाठवलं.

तेजस्विनीच्या संगणकावर तो संदेश टिंग करून उमटला. तिने वाचला, मृण्मयीकडे पाहिलं, आणि पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

मग मृण्मयीने हिरवी यादी काढली. पंचेचाळीस नावं, बहुतेक मोठ्या मालकांची, वर्षात दोन-तीन फोन झालेली. तेवढे उचलले की शंभर टक्के. आजचा माल घेऊन निघालेल्या गाड्या तिने निवडल्या आणि पहिला नंबर लावला. एक रिंग, कट. दुसरा लावला. कट. तिसऱ्याने सवयीने उचलला, "हालो मॅडम, घोटीला हाय," आणि मग आठवून, "आरं हां, सॉरी," म्हणत कट केला. चौथा, कट. पाचवा, कट. प्रत्येक कटमागे एक श्वास सोडत ती पुढे जात होती. वरून पहिली हिरवी ओळ पिवळी झाली. दुसरी थेट लाल.

साडेचारला केबिनचं दार उघडलं. विश्वेश तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात अजून पेन होतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल पसरत होतं, आणि त्यात हिरामण देवऱ्यांची ओळ आता शोधावी लागत होती. तिच्यासमोर खूण नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "हे काय केलंत?"

"लिहून दिलं, सर. तुम्हीच म्हणालात."

तेवढ्यात टेबलावरचा तिचा मोबाइल एकदाच वाजून थांबला.

"कोणाचा?"

"घरचा."

"मग घ्या की," तो जवळजवळ ओरडलाच, "निदान तो तरी उचला."

"तो उचलायचा नसतो, सर," मृण्मयी म्हणाली, आणि तिने पुढचा हिरवा नंबर लावला.